भाषा आणि विचार : शब्दाची अडचण ही बुद्धीची अडचण नव्हे

प्राथमिक शाळेतील इयत्ता दुसरीच्या वर्गात गुरुजी ‘त्रेसष्ट’ असे म्हणतात आणि मुले पाटीवर आकडा लिहितात. बहुतेक पाट्यांवर ६३ उमटतो. दोन-चार पाट्यांवर मात्र ३६ दिसतो. ज्या मुलांनी ३६ लिहिले त्यांचे लक्ष नव्हते, असा निष्कर्ष आपण चटकन काढून मोकळे होतो. परंतु थोडा विचार केला तर निराळेच दिसते. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात, साठ मागाहून. मुलाने जे आधी ऐकले ते आधी लिहिले. त्याने शब्दाचे तंतोतंत पालन केले आणि म्हणूनच त्याचे उत्तर चुकले.

वर्गातील हा लहानसा प्रसंग मानसशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नाच्या दाराशी आपणांस आणून सोडतो. माणूस विचार करतो तो भाषेतूनच करतो काय? शब्द नसेल तर विचारही नसतो काय? आणि एखाद्यास शब्द उमगला नाही, म्हणजे त्याला विषयच कळत नाही, असे मानणे कितपत योग्य आहे? शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य यांचे नित्याचे काम भाषेच्या द्वारेच चालत असल्यामुळे हे प्रश्न केवळ विद्वानांचे राहत नाहीत.

मनातले बोलणे

भाषा आणि विचार यांच्या नात्याचा ऊहापोह आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेला आहे. ‘वाक्यपदीय’ या ग्रंथाचा कर्ता भर्तृहरी याने वाणीच्या वैखरी, मध्यमा आणि पश्यन्ती अशा पायऱ्या सांगितल्या. कानांना ऐकू येते ती वैखरी. मनातल्या मनात शब्दरूप घेते ती मध्यमा. आणि शब्दांचा क्रमही जिच्यात उमटलेला नाही ती पश्यन्ती. मनातील बोलणे ही उघड बोलण्याहून वेगळी अवस्था आहे, ही जाणीव या मांडणीत स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकात या प्रश्नाचा प्रत्यक्ष निरीक्षणाने शोध सुरू झाला. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लहान मुलांच्या एका सवयीकडे लक्ष वेधले. तीन ते सहा-सात वर्षांचे मूल खेळताना किंवा चित्र काढताना एकटेच बोलत असते. ते कोणाला उद्देशून नसते, उत्तराची अपेक्षाही नसते. पियाजे यांनी यास स्वकेंद्रित बोलणे म्हटले. मुलाला दुसऱ्याच्या दृष्टीने पाहता येत नाही, याचे ते लक्षण आहे आणि वय वाढले की ते ओसरते, असे त्यांचे त्या वेळचे मत होते.

सोव्हिएत रशियातील लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी याच बोलण्याचा वेगळा अर्थ लावला. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणले. चित्र रंगवण्याच्या वेळी हवी ती रंगीत पेन्सिल नाही, कागद कमी पडतो, असे प्रसंग निर्माण केले. अडथळा येताच मुलांचे हे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढले. म्हणजे ते निरुपयोगी बडबड नसून अडचणीतून वाट काढण्याचे साधन होते. पुढे हे बोलणे नाहीसे होत नाही, ते आत वळते आणि प्रौढ माणसाचे मनातले बोलणे बनते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले होते. नंतरच्या संशोधनाने व्हिगॉट्स्की यांच्या या मताला पुष्कळ पाठिंबा मिळाला आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बेरीज करताना पुटपुटणाऱ्या मुलाला ‘तोंड बंद ठेव’ असे दटावणे म्हणजे त्याच्या हातातील अवजार काढून घेण्यासारखे आहे.

शब्द नसेल तर काय होते?

भाषा विचाराला मदत करते हे मान्य केले, तरी ती विचाराला बांधून टाकते काय हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर आणि त्यांचे शिष्य बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मताचा टोकाचा अर्थ असा, की माणूस आपल्या भाषेच्या चौकटीबाहेर विचारच करू शकत नाही. अमेरिकेतील होपी या आदिवासी भाषेत काळ दर्शविणारी रूपे नाहीत, असे व्होर्फ यांनी प्रतिपादन केले होते. परंतु १९८३ साली एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेतील कालवाचक शब्दांचा मोठा संग्रहच प्रसिद्ध केला आणि त्या विधानाचा पाया ढासळला. टोकाचे मत आज बहुतेक अभ्यासक मानीत नाहीत.

मात्र मर्यादित अर्थाने भाषेचा विचारावर परिणाम होतो, हे संख्येच्या क्षेत्रात विशेष स्पष्टपणे दिसून आले आहे. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या अरण्यात राहणाऱ्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्या सांगणारे शब्द नाहीत. थोडे आणि पुष्कळ अशा अर्थाचेच शब्द आहेत. पीटर गॉर्डन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या लोकांना समोर मांडलेल्या वस्तूंइतक्याच वस्तू मांडण्यास सांगितले. दोन-तीन वस्तूंपर्यंत अडचण आली नाही. पुढे उत्तरे अदमासाची होऊ लागली. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात या निष्कर्षात महत्त्वाची भर पडली. वस्तू डोळ्यांसमोर असतील तर पिराहा माणसे एकास एक जोडी लावून बरोबर उत्तर देत होती. वस्तू झाकल्या आणि संख्या मनात धरून ठेवण्याची वेळ आली, की चुका होत होत्या.

यावरून असे म्हणता येते, की समानतेची समज शब्दावाचूनही असते. शब्दामुळे ती समज पकडून ठेवता येते, दुसऱ्या ठिकाणी नेता येते, दुसऱ्या माणसाला देता येते. शब्द म्हणजे विचार नव्हे. शब्द ही विचाराला बसवलेली मूठ होय. मूठ चांगली असली तर अवजार हाती सुखाने बसते. गैरसोयीची असली तर तेच अवजार हातातून निसटते. आणि मूठ निसटली म्हणून हातच अधू आहे असे कोणी म्हणत नाही.

मराठी अंकांची नावे

आता पुन्हा दुसरीच्या वर्गाकडे वळू. मराठीत अकरापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्यांच्या नावांत एकक आधी आणि दशक नंतर येतो. लेखनात मात्र दशक आधी, एकक नंतर. कान आणि डोळा यांचा क्रम असा परस्परविरुद्ध आहे.

दुसरी अडचण शब्दांच्या बदलत्या रूपांची. ‘दोन’ हा शब्द बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव यांत निरनिराळ्या वेषांत येतो. ‘पन्नास’ हा त्रेपन्नमध्ये ‘पन्न’ होतो, पंचावन्नमध्ये ‘वन्न’ होतो. ‘सत्तर’ मधील ‘स’ एकाहत्तरात ‘ह’ बनतो. तिसरी अडचण ‘एकोण’ या उपपदाची. एकोणीस म्हणजे विसास एक उणा. एकोणतीस या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहावे लागतात २९. एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो आणि नव्व्याण्णवला येऊन तोही मोडतो. संस्कृतातून प्राकृतात व प्राकृतातून मराठीत येताना शब्द झिजत गेले, त्याचा हा परिणाम आहे. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने हे मोठे मनोहर आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते.

याउलट कन्नड आणि तेलुगू या आपल्या शेजारच्या भाषा पाहाव्यात. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, तेलुगूत ‘इरवै ओकटि’. दोन्हींचा अर्थ ‘वीस एक’. चिनी भाषेत तर अकराला ‘दहा एक’ आणि एकविसाला ‘दोन दहा एक’ असेच म्हणतात. दहापर्यंतचे शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत नवा शब्द लागत नाही. बीजिंग आणि अमेरिकेतील इलिनॉय राज्य येथील लहान मुलांच्या मोजण्याची तुलना करणारा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडील मुले सारखीच होती. अंतर पडू लागले ते दहाच्या पुढे, जेथे इंग्रजीची नावे अनियमित होतात. चिनी मुलांच्या गणितातील प्रगतीस घर, शाळा, सराव अशी इतरही कारणे आहेत. परंतु अंतर नेमके त्याच ठिकाणी सुरू व्हावे, याचे उत्तर भाषेत सापडते.

चेक भाषेतील उदाहरण याहून बोलके आहे. त्या भाषेत दोन अंकी संख्या दोन प्रकारे सांगण्याची रूढी आहे : दशक आधी किंवा एकक आधी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच मुलांना दोन्ही प्रकारे संख्या सांगून लिहावयास लावले. एकक आधी सांगितला असता अंकांची उलटापालट होण्याच्या चुका कितीतरी अधिक झाल्या. मुले तीच, बुद्धी तीच. बदलला तो केवळ शब्दांचा क्रम.

नॉर्वेचा निर्णय आणि महाराष्ट्रातील चर्चा

ही अडचण राज्यकारभाराच्या पातळीवर हाताळण्याचे एक उदाहरण नॉर्वेने घालून दिले आहे. तेथेही पूर्वी ‘दोन आणि वीस’ अशी गणती होती. दूरध्वनी क्रमांक सांगताना व ऐकताना चुका होतात, म्हणून दूरध्वनी खात्याकडून बदलाची मागणी झाली. संसदेने निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, शासकीय कार्यालये व नभोवाणी यांसाठी ‘वीस दोन’ ही नवी गणती लागू झाली. बोलण्यातून जुनी पद्धत मात्र सत्तर वर्षांनंतरही पूर्णपणे गेलेली नाही. नियमाने पुस्तक बदलते; जिभेची सवय आपल्या गतीने बदलते.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचनाची ओळख करून देण्यात आली. प्रचलित नावेही सोबत ठेवण्यात आली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी, जोडाक्षरयुक्त आणि उलट्या क्रमाच्या नावांमुळे मुलांच्या मनात गणिताविषयी भीती बसू नये, हा यामागील हेतू असल्याचे सांगितले. या बदलावर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. विधिमंडळातही प्रश्न उपस्थित झाला. मराठीचे वैभव नष्ट होईल, बाजारात मुलांना व्यवहार जमणार नाही, असे आक्षेप घेण्यात आले.

या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. बाजारात भाजीवाली ‘त्रेसष्ट रुपये’ असेच म्हणणार, आजी आपले वय ‘बहात्तर’ असेच सांगणार. शिवाय संख्येच्या बाबतीत मराठी सर्वत्र गैरसोयीची आहे असेही मुळीच नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या शब्दांनी अपूर्णांक जितक्या सहजपणे बोलता येतात, तितके ते इंग्रजीत येत नाहीत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे याच शब्दांच्या बळावर उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाणी, सराफ व कुलकर्णी यांचे हिशेब त्यांवर चालले. एके ठिकाणी मराठीची मूठ निसरडी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती उत्तम घडलेली आहे. शिक्षकाला दोन्ही ठिकाणे ठाऊक असावीत.

व्यवहारात मधला मार्ग उपलब्ध आहे. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. ते प्रथम ‘साठ आणि तीन’ असे म्हणेल, मग ६३ लिहील आणि शेवटी ‘याचे नाव त्रेसष्ट’ हे शिकेल. श्रुतलेखनात शब्द पुरा ऐकून, ‘यात किती दहा?’ असे स्वतःला विचारून मगच लिहिण्याची सवय लावावी. ‘एकोण’ चा अर्थ एकदा उलगडून सांगितला, की ती सात-आठ नावे पाठांतराचा विषय न राहता वजाबाकीचा खेळ होतात.

अनुभवाची भाषा आणि कागदाची भाषा

शब्दाच्या अडचणीला बुद्धीची अडचण समजण्याची चूक मोठ्या माणसांच्या बाबतीतही होते. व्हिगॉट्स्की यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ साली मध्य आशियातील उझबेकिस्तान व किरगिझिया येथील निरक्षर शेतकऱ्यांना काही कोडी घातली. दूर उत्तरेत, जेथे बर्फ असते, तेथील सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक एक ठिकाण दूर उत्तरेत आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी उत्तर देण्याचे नाकारले. आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी कसे बोलावे, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा, अशा आशयाची त्यांची उत्तरे होती. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू निवडण्यास सांगितले असता, ओंडकाच नसेल तर बाकीच्यांचा उपयोग काय, असा त्यांचा युक्तिवाद असे.

या माणसांना तर्क येत नव्हता असे म्हणता येईल काय? न पाहिलेल्याची साक्ष देऊ नये, हाही तर्कच आहे. फरक इतकाच, की केवळ शब्दांवर विश्वास ठेवून पुढे जाण्याची जी रीत शाळेत शिकविली जाते, तिच्याशी त्यांचा परिचय नव्हता. थोडे शिक्षण मिळालेले लोक ही कोडी सहज सोडवीत. पुढे सिल्व्हिया स्क्रिबनर व मायकेल कोल यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात वाई जमातीचा अभ्यास केला. तेथे काही लोक शाळेबाहेर, घरीच स्वतःची लिपी शिकत असत. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून असे दिसून आले, की केवळ अक्षरओळखीने विचाराची रीत सर्वस्वी बदलत नाही. प्रश्न विचारणे, कारण देणे, स्पष्टीकरण करणे या शाळेतील रोजच्या सरावाचा परिणाम अधिक होतो. साक्षरतेचे काम करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेला शेतकरी ‘उपरोक्त बाबींची पूर्तता न केल्यास’ या शब्दांपुढे गप्प उभा राहतो. हाच मनुष्य भावकीतील तीन पिढ्यांच्या जमिनीची वाटणी तोंडी बिनचूक सांगतो. अशा वेळी त्याच्या समजुतीवर नव्हे, आपल्या वाक्यावर संशय घ्यावा.

एका शब्दाचा धोका

काही वेळा शब्द नुसती अडचण करीत नाही, तो दिशाभूलही करतो. व्होर्फ हे आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिपांजवळ कामगार जपून वागतात. पण ‘रिकामी’ म्हटलेल्या पिपांजवळ बेफिकिरीने धूम्रपान करतात, असे त्यांनी नोंदविले. वस्तुतः रिकाम्या पिपातील वाफ अधिक स्फोटक असते. धोका पिपात होता. ‘रिकामे’ या शब्दाने तो झाकला.

आपल्या खेड्यापाड्यांत पिकावर फवारण्याच्या कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. औषध म्हणजे गुण देणारी वस्तू, असा अर्थ मनात बसलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. ती सर्व एका शब्दावर ढकलणे चुकीचे ठरेल. परंतु उघड्या हाताने ‘औषध’ कालवणाऱ्याला, रिकाम्या डब्यातून पाणी नेणाऱ्याला, तो शब्द सावध करीत नाही हेही खरे. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा असलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या भागातील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग उतरत्या क्रमाने विषारीपणा दर्शवितात. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ग्रामसभेत या रंगांचा अर्थ सांगताना ‘औषध’ हा शब्द टाळून ‘विष’ असे स्पष्ट म्हटले, तर निम्मे काम तो शब्दच करील.

घरची भाषा, शाळेची भाषा

मराठी ज्यांच्या घरची भाषा आहे त्या मुलांना एवढी अडचण येते. मग मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया अथवा गोंडी, नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलांची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करावी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, माडिया आणि गोंडी द्रविड कुळातील. या मुलांना पहिल्याच दिवशी नवे ज्ञान नव्या भाषेतून घ्यावे लागते. प्रश्न कळत नाही म्हणून ती गप्प राहतात आणि गप्प राहतात म्हणून मागास ठरतात.

प्राथमिक स्तरावर अल्पसंख्य भाषिक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, अशी तरतूद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद ३५०क मध्ये झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे. पुस्तके आणि शिक्षक मिळण्यास वेळ लागेल. पण काही गोष्टी आजच करता येतील. मुलाला उत्तर प्रथम त्याच्या भाषेत सांगू द्यावे. वस्तूंची, नात्यांची, अंकांची नावे गावातील वडीलधाऱ्यांकडून शिक्षकाने शिकून घ्यावीत. मुलाच्या भाषेतील विचार पक्का झाला, की त्याला मराठीची मूठ बसविणे सोपे जाते.

भाषेवाचून समाजाचा व्यवहार नाही आणि शिक्षणही नाही. म्हणूनच भाषेचा वापर करणाऱ्यांवर जबाबदारी आहे. पाटीवर ३६ लिहिणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याने काय ऐकले हे विचारावे. अर्ज न समजलेल्या माणसाला परत पाठविण्यापूर्वी तोच अर्ज त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. अडचण शब्दात होती की समजुतीत होती, हे त्यानंतर आपोआप कळून येईल. आणि पुष्कळदा ती शब्दातच होती, असा अनुभव येईल.